टेंट घेताना आधी मोजपट्टी काढा

ऑक्टोबर लागला की मला एक फोन हमखास येतो. "चार जणांचा टेंट अठराशेला मिळतोय, वॉटरप्रूफ लिहिलंय, घेऊन टाकू का?" मी विचारतो, जाणार कुठे? पलीकडे शांतता. चार जण म्हणजे किती रुंदी, वॉटरप्रूफ म्हणजे किती पाऊस, लावणार कातळावर की वाळूत, यातलं काहीच ठरलेलं नसतं. ठरलेला असतो फक्त भाव. बहुतेकांची खरेदी इथेच फसते.

खालचा क्रम सह्याद्रीतल्या आणि कोकण किनाऱ्यावरच्या मुक्कामासाठी आहे. हिमालयातल्या बर्फाचा टेंट वेगळा असतो. तो इथे आणलात तर रात्रभर आत शिजाल.

## टप्पा १: दुकानात जाण्याआधी चार उत्तरं लिहून काढा

कुठे राहणार, कोणत्या महिन्यात, टेंट तिथवर कोण वाहणार, आणि आत झोपणार किती जण. मोबाईलमध्ये नको, कागदावर लिहा. दुकानदार बोलायला लागला की मनातली उत्तरं बदलतात.

"कुठे" याचं उत्तर जमिनीत द्यायचं. गडांच्या माथ्यावर पुष्कळ ठिकाणी चार बोटं मातीखाली कातळ लागतो, मेख आत जातच नाही. (आम्ही सगळे पेग म्हणतो, पण मेख हा आपला जुना शब्द आहे. टेंटच्या दोऱ्यांना तणावे म्हणतात, तेही वापरतो.) हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या बाजूला वारा दरीतून वर चढून येतो, आणि संध्याकाळी शांत वाटलेली जागा रात्री दोनला वेगळीच वागते. भंडारदऱ्याला किंवा पवनेच्या काठी गाडी जवळपास पोचते, त्यामुळे वजनाचं ओझं नाही, पण पाण्याकाठी दव फार. किनाऱ्यावर वाळू बारीक मेख धरतच नाही.

महिन्याचंही तसंच. डिसेंबर-जानेवारीत थंडी आणि दव, एप्रिल-मेमध्ये उकाडा आणि मधूनच अवकाळी, ऑक्टोबरात विजांसकट परतीचा पाऊस. जून ते सप्टेंबरबद्दल माझं मत पक्कं आहे: घाटमाथ्यावर भर पावसात टेंट लावू नये. राजमाचीला उधेवाडीत घरात राहायची-जेवायची सोय होते. चुलीजवळ कपडे वाळतात. तो मुक्काम सोडून चिखलात झोपण्यात काय शौर्य आहे, मला कळलेलं नाही. तेव्हा "पावसाळ्यासाठी" म्हणून टेंट घेऊ नका. अचानक आलेली दोन तासांची सर त्याने झेलली पाहिजे, एवढं बघा.

थांबा: वर्षातून एक-दोनच रात्री जाणार असाल तर भाड्याने घ्या. पुण्या-मुंबईत ट्रेकचं सामान भाड्याने देणारे आहेत. दोन वेगळे टेंट वापरून पाहिलेत की आपल्याला काय सोसतं आणि काय नाही ते आपोआप समजतं.

सावधान: संरक्षित गडांवर रात्रीच्या मुक्कामाला मनाई असते. कळसूबाई-हरिश्चंद्रगडासारख्या अभयारण्यात वनखात्याचे नियम लागू होतात. खासगी जमिनीवर मालकाला विचारावं लागतं. राहायची परवानगी कुठे मिळते ते आधी ठरवा, कारण टेंटचा प्रकार त्या जागेवरूनच ठरणार आहे.

## टप्पा २: हॉलमध्ये खडूने टेंट आखा

या टप्प्याला अर्धा तास लागतो आणि तो जवळजवळ प्रत्येकजण गाळतो.

ऑनलाइन "चार जणांचा" म्हणून विकले जाणारे बरेचसे स्वस्त टेंट २०० × २०० सेंटिमीटरचे असतात. म्हणजे माणशी ५० सेंटिमीटर. झोपायची साधी मॅटच ५० ते ६० सेंटिमीटर रुंद असते. कंपनी माणसं मोजते ती खांद्याला खांदा लावून, हात अंगाशी घट्ट धरून, सामानाशिवाय.

आम्ही चौघांनी एकदा हा २०० चा चौकोन फरशीवर आखला आणि आडवे झालो. एकाने कूस बदलली की चौघांना बदलावी लागे. तिसऱ्याचा कोपर दुसऱ्याच्या बरगडीत. चार सॅका कुठे ठेवायच्या यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. तेव्हा हा "चार जणांचा" टेंट कागदावर तीन जणांचा लिहून घ्या. थंडीत जाड स्लीपिंग बॅगा असतील तर अडीच जणांचा!

रुंदीइतकीच लांबी महत्त्वाची. टेंटच्या भिंती तिरप्या असतात. तळ २०० सेंटिमीटर लांब असला तरी उशीपाशी छप्पर पार खाली आलेलं असतं. पावणेसहा फुटांचा माणूस डोक्याने किंवा पायाने भिंतीला लागतोच, आणि भिंत ओली असली की बॅगेचा पायथा सकाळी चिंब. उंच माणसाला तळाची लांबी निदान २१० ते २१५ हवी.

ढोबळ नियम: दोघांसाठी किमान १३० ते १४० सेंटिमीटर रुंदी, पुढच्या प्रत्येक माणसाला आणखी ६० ते ६५. मूल असेल तरी त्याला पूर्ण माणूस धरा. मुलं झोपेत गोल फिरतात.

उलटी चूकही होते. दोघांसाठी सहा जणांचा घुमट घेतात. मोठा टेंट वारा धरतो, गडावर त्याच्या मापाची सपाट जागा मिळत नाही आणि थंडीत आतली हवा ऊब धरत नाही. सहा जण असाल तर तीन-तीनचे दोन घ्या. एक बिघडला तर रात्र तरी निभते.

## टप्पा ३: बांधणी बघा, थर मोजा

टेंट आत-बाहेर दोन थरांचा हवा. आत जाळीचा आणि पातळ कापडाचा इनर, बाहेर पाणी अडवणारा फ्लाय. याच टप्प्यावर सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून इथे जरा थांबतो.

माझा पहिला टेंट एकेरी होता. भिंत एकच, वर मध्यभागी जाळी, आणि जाळीवर चौकोनी टोपीसारखं छोटं कापड. फोटोत झकास दिसायचा. राजमाचीला ऑक्टोबरच्या एका रात्री सर आली ती वाऱ्यासोबत तिरपी. टोपीखालून पाणी थेट जाळीवर, जाळीतून आमच्या तोंडावर. ते एक सोडा. आधीच्या महिन्यात, कोरड्या रात्रीसुद्धा तो आतून ओला व्हायचा आणि मी "गळतोय, गळतोय" म्हणून शिवणी चिकटवत बसायचो. तो गळत नव्हता. दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात, त्यातली वाफ गार कापडावर जमते. टेंटला आतून घाम फुटतो. दोन थरांच्या टेंटमध्ये हा घाम बाहेरच्या फ्लायवर धरतो, आणि आपण जाळीच्या आत कोरडे राहतो.

तेव्हा बघायचं ते असं. फ्लाय चारी बाजूंनी जमिनीपासून वीतभर अंतरापर्यंत खाली आला पाहिजे. टोपीवाला टेंट कितीही स्वस्त असला तरी नको. फ्लाय आणि इनर यांत तळहाताएवढी तरी फट हवी. दोन्ही थर एकमेकांना चिकटले तर दुसऱ्या थराचा उपयोग संपला. फ्लायवर वरच्या बाजूला हवेची झडप हवी, शक्यतो दोन समोरासमोर, पावसातही उघडी ठेवता येतील अशा.

दुसरी गोष्ट, टेंट मेखांशिवाय स्वतःच्या पोलांवर, म्हणजे सोबत येणाऱ्या आधाराच्या काठ्यांवर, उभा राहिला पाहिजे. ट्रेकिंगच्या काठ्यांवर ताणून उभे करायचे हलके टेंट परदेशी चित्रफितींत छान दिसतात, पण ते सगळे मेखांच्या जिवावर असतात. आपल्या कातळावर मेख कुठे मारणार?

सावधान: स्वतः उभा राहतो म्हणजे तो तसाच सोडायचा असं नाही. आत सॅका ठेवल्या तरी मोकळा टेंट वाऱ्याने पतंगासारखा जातो. कातळावर तणावे मोठ्या दगडांना बांधा आणि दोर धारेवर घासत नाही ना ते बघा. किनाऱ्यावर पिशवीत वाळू भरा, तिला तणावा बांधा आणि ती हातभर खोल पुरा.

दाराबाहेर फ्लायखाली ओसरीसारखी जागा राहते. ती असलेलाच टेंट घ्या. चिखलाचे बूट तिथे काढता येतात आणि ओली सॅक तिथे राहते. दोघांच्या टेंटला दोन दारं असली तर रात्री उठणारा दुसऱ्याला तुडवून जात नाही. वजन थोडं वाढतं. मी तरी दोन दारांना जास्त पैसे देईन.

जाळी बारीक आहे ना, तेही बघा. मोठ्या छिद्रांच्या जाळीतून धरणाकाठची चिलटं सरळ आत येतात.

## टप्पा ४: आकडे वाचा, पण योग्य ते

"वॉटरप्रूफ" या शब्दाला काही माप नाही. माप असतं ते मिलिमीटरमध्ये. कापडावर पाण्याचा स्तंभ चढवत नेतात, आणि ज्या उंचीला पाणी कापडातून झिरपू लागतं ती उंची म्हणजे हा आकडा. २००० मिलिमीटर म्हणजे कापडाने दोन मीटर उंच पाण्याचा दाब सोसला. फ्लायला १५०० हे किमान, २००० ते ३००० असेल तर निवांत. तळाला ३००० च्या खाली जाऊ नका. पावसाच्या थेंबाचा दाब फार नसतो, पण ओल्या जमिनीवर गुडघा टेकलात की सगळं वजन तळहाताएवढ्या कापडावर येतं आणि खालचं पाणी वर ढकललं जातं.

जाहिरातीत १९०टी, २१०टी असंही लिहिलेलं असतं. तो कापडातल्या धाग्यांच्या दाटपणाचा आकडा आहे. पाण्याशी त्याचा थेट संबंध नाही, पण अनेकजण त्यालाच पाण्याचं माप समजतात. ७५डी वगैरेमधला डी हा धाग्याच्या जाडीचा: ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. मिलिमीटरचा आकडा कुठेच दिलेला नसेल आणि फक्त टी आणि डी असतील, तर विकणाऱ्याला सांगण्यासारखं काही नाही असं समजा.

कापडापेक्षा शिवण आधी गळते. सुई गेली तिथे भोक पडलं. म्हणून फ्लायच्या आतल्या बाजूने प्रत्येक शिवणीवर पारदर्शक पट्टी चिकटवलेली असायला हवी. सिलिकॉन लावलेल्या कापडावर ही पट्टी बसत नाही. तिथे शिवणीला वेगळं सीलर (भोकं बुजवणारा चिकट लेप) लावलेलं असतं किंवा ते आपल्याला लावावं लागतं. घेण्याआधी विचारा.

पोलांचे दोन प्रकार. फायबरग्लास स्वस्त आणि जड. तो सहसा धातूच्या जोडापाशी तडकतो, आणि तडकला की काचेचे बारीक तंतू हातात घुसतात. अ‍ॅल्युमिनियम हलका, महाग. जोर आला तर बहुधा वाकतो, आणि वाकलेल्यावर नळी चढवून काम भागतं. गाडीने जाणाऱ्याला, धरणाकाठी राहणाऱ्याला फायबरग्लास चालतो. कड्यावर, वाऱ्यात राहणार असाल तर अ‍ॅल्युमिनियमला पर्याय नाही. कुठलाही घेतलात तरी बोटभर लांब दुरुस्तीची नळी पिशवीत हवीच.

तपासा: आता कागदावर हे आकडे असायला हवेत: तळाची लांबी-रुंदी, फ्लायचे आणि तळाचे मिलिमीटर, पोलचा प्रकार, वजन. यातला एक जरी नसेल तर टप्पा ५ वर जाऊ नका.

## टप्पा ५: वजन आणि घडीची लांबी

पाठीवर नेणाऱ्या दोघांनी अडीच किलोच्या आसपासचा टेंट बघावा. तीनपर्यंत चालतो. एकाने फ्लाय आणि मेखा, दुसऱ्याने इनर आणि पोल, असं वाटून घ्यायचं. गाडीने जाणाऱ्यांनी वजनासाठी जादा पैसे मोजू नयेत.

घडीची लांबी कुणी बघतच नाही. स्वस्त टेंटचे पोल घडी केल्यावर ६० सेंटिमीटरपर्यंत लांब राहतात. सॅकमध्ये आडवे बसत नाहीत, बाहेर बांधले तर कारवीच्या झुडपात अडकतात. पंचेचाळीसच्या आत असतील तर उत्तम.

फेकला की आपोआप उघडणारे टेंटही मिळतात. त्यांची घडी गोल थाळीसारखी, बैलगाडीच्या चाकाच्या धाकट्या भावासारखी. एसटीत ती मांडीवर घेऊन बसा आणि कंडक्टरचा चेहरा बघा. शिवाय घडी घालायची युक्ती घरी दहा वेळा जमल्याशिवाय डोंगरात जमत नाही. छत्रीसारखे ओढून उघडणारे बरे, पण त्यांचा वरचा प्लास्टिकचा सांधा मोडला तर सगळा टेंट बसतो. गाडीने, कोरड्या दिवसांत ठीक.

## टप्पा ६: आता किंमत

ढोबळ मानाने, दोघांसाठी दीड ते अडीच हजारांत मिळतो तो बहुतेक एकेरी, टोपीवाला. साडेतीन ते आठ हजारांत दोन थरांचा, फायबरग्लास पोलांचा कामचलाऊ ते चांगला टेंट येतो. हलका, अ‍ॅल्युमिनियमचा हवा तर दहा हजारांच्या पुढे. पैसे कमी पडत असतील तर आधी वजनात तडजोड करा, मग दारांत. थर आणि शिवणीत नको.

दुकानात गेलात तर टेंट उभा करून बघायचा हट्ट धरा. बूट काढून आत आडवे व्हा. दाराची चेन एका हाताने पूर्ण फिरवा. कापडाची कड चेनीत अडकत असेल तर अंधारात, घाईत ती फाटणार. पोल खोचतात त्या कोपऱ्यांवर दुहेरी कापड आहे का ते चाचपा.

ऑनलाइन घेताना फ्लाय काढलेल्या टेंटचा फोटो शोधा. तो नसेल तर टेंट बहुधा एकेरी आहे. लोकांच्या अभिप्रायांत जुलै ते ऑक्टोबरचे आधी वाचा. मार्चमध्ये दिलेल्या पाच ताऱ्यांना काय अर्थ? परत करायची मुदत किती दिवस आहे ते लिहून घ्या, कारण पुढचा टप्पा त्या मुदतीत उरकायचा आहे.

## टप्पा ७: आल्या दिवशी गच्चीवर उभा करा

नवा टेंट पिशवीतच ठेवून थेट गडावर नेणारे मी खूप पाहिलेत. अंधार, वारा, तोंडात टॉर्च, आणि मेखा मोजल्या तर दोन कमी. क्रम असा ठेवा:

1. सगळं सामान चादरीवर मांडून मोजा: पोल, मेखा, तणावे, पिशव्या. भाजीच्या किंवा सामानाच्या काट्यावर वजन करा आणि लिहिलेल्याशी ताडा.
2. पोलाचे तुकडे एकेक करून, धातूच्या जोडात शेवटपर्यंत बसवा. अर्धवट बसलेला जोड हेच पोल तडकण्याचं मोठं कारण. झटकून आपोआप जोडायची हौस नको.
3. इनर उभा करा, वर फ्लाय ताणा. फ्लाय सैल पडत असेल, इनरला टेकत असेल तर फोटो काढा.
4. फ्लाय उन्हाकडे धरून आतून शिवण्या बघा. पट्टी सुटलेली, सुरकुतलेली जागा पेनाने खुणा करून ठेवा.
5. बाथरूमच्या शॉवरचा झारा पाइपला लावून दहा-पंधरा मिनिटं पाणी मारा. वरून आणि तिरपं, दोन्ही. आत कोरडा वर्तमानपत्राचा कागद अंथरा. थेंब पडला की कागदावर जागा दिसते.
6. तळासाठी: आतला एक कोपरा बादलीवर खोलगट धरून त्यात तांब्याभर पाणी ओता. पंधरा मिनिटांनी खालून हात फिरवा.
7. पूर्ण वाळवा. मगच घडी.

चूक इथे होते: पाणी मारायचं धाडस होत नाही, "नवा आहे, कशाला खराब करायचा" म्हणून. गळका टेंट मुदतीनंतर कुणी परत घेत नाही. मात्र पाणी मारण्याआधी परतीच्या अटी वाचा. वापरलेला माल घेत नसतील तर पायरी १ ते ४ मध्येच निकाल लावा.

## टप्पा ८: पहिला मुक्काम आणि नंतरची ठेवण

खाली अंथरायला वेगळं महाग कापड विकत घेऊ नका. गाडीने जाताना वाढदिवसाचा जुना फ्लेक्स उत्तम, छापील बाजू खाली. (आपल्याला न आवडणाऱ्या नेत्याचा मिळाला तर अधिक चांगलं.) पाठीवर नेताना पातळ ताडपत्री. पण ती टेंटच्या तळापेक्षा चारी बाजूंनी बोटभर लहान कापा. बाहेर डोकावणारी कड फ्लायवरून निथळणारं पाणी झेलून थेट तुमच्या पाठीखाली आणते. "तळ गळतो" अशा तक्रारींमागे पुष्कळदा ही दोन इंच कड असते.

लावताना दार वाऱ्याच्या पाठीकडे. वारा असेल तर आधी वाऱ्याकडच्या दोन कोपऱ्यांना दगड, मग पोल. दोन्ही झडपा उघड्या. थंडी वाजते म्हणून सगळं बंद केलंत तर सकाळी आतून पाऊस.

सावधान: टेंटच्या आत स्टोव्ह, शेगडी, मेणबत्ती, कोळसे काहीही नाही. कापड क्षणात पेटतं, आणि बंद जागेतल्या जळणाने होणारा कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

उन्हं चढली की टेंट उतरवा. दिवसभर ऊन खाल्लेलं कापड लवकर विरतं. उतरवताना पोल मधल्या जोडापासून दुमडत न्या, टोकापासून नको, म्हणजे आतल्या रबरी दोरीवर ताण दोन्हीकडे सारखा येतो.

घरी आल्यावर, कितीही दमला असाल तरी, त्याच दिवशी टेंट दोरीवर टाका. माती ओल्या फडक्याने पुसा. वॉशिंग मशीन नको, डिटर्जंट नको. ओला टेंट पिशवीत कोंबून मुंबई-कोकणाच्या दमट हवेत एक पावसाळा ठेवलात तर कापडाचा आतला, पाणी अडवणारा लेप चिकट होतो, आंबूस वास येतो, आणि त्याला पुढे उपाय नाही. वाळल्यावर तो त्याच्या घट्ट पिशवीत न ठेवता उशीच्या जुन्या सुती अभ्र्यात सैल भरा आणि कपाटात वरच्या फळीवर टाका. मेखा वेगळ्या डब्यात. लोखंडी असतील तर त्यांचा गंज कापडाला लागतो.